नानांची जीप नेमकी कोणत्या रंगाची होती?

प्रश्न थोडक्यात: नाशिकमध्ये शाळेत शिकवणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. माहेर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग. वडील, म्हणजे नाना, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची १९९१ सालची महिंद्रा जीप तेव्हापासून शेडमध्ये उभी आहे. इंजिन सुरू होतं, ब्रेकचं काम झालंय, रंग मात्र पार गेलाय. बॉनेट पांढुरकं पडलंय, डावं मडगार्ड एका जुन्या धडकेनंतर वेगळ्याच छटेचं दिसतं, पायदानाजवळचा पत्रा फुगलाय. ताईंना जीप 'नानांच्याच रंगात' हवी आहे आणि त्यांना तो फिकट आकाशी आठवतो. भाऊ ठामपणे राखाडी म्हणतो. आई म्हणते, हिरवट होती. भाच्याला मिलिटरी ग्रीन हवाय. एका पेंटरने तीन नमुने दाखवले, एकही पटला नाही. दुसरा म्हणतो, कॉम्प्युटरवर शंभर टक्के मॅच करून देतो. शेवटी भाऊ वैतागून म्हणाला, "पांढरा मार आणि मोकळी हो," आणि तेव्हापासून दोघांत जेवढ्यास तेवढंच बोलणं आहे. जीप अजून नानांच्या नावावर आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणाला आतून नानांनी ऑइल बदलल्याच्या तारखा बॉलपेनने लिहून ठेवल्यात, आणि पेंटर म्हणतो, तेही झाकण नव्यासारखं करून देतो. ताईंचा प्रश्न असा, की मूळ रंग कसा शोधायचा आणि भावाला कसं समजवायचं?

ताई,

पेंटरला आजच फोन करा आणि सांगा, त्या झाकणाला हात लावायचा नाही. घासायचा पेपर नाही, थिनर नाही, ओलं फडकंसुद्धा नाही. जमलं तर स्वतः जाऊन दोन स्क्रू काढा आणि झाकण घरी घेऊन या. का, ते पुढे येईलच.

आता तुमचा प्रश्न. सातपूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं पेंट शॉपमध्ये काढली, त्यामुळे 'मूळ रंग' हे दोन शब्द ऐकले की मी जरा सावध होतो. मूळ म्हणजे कुठला? कारखान्यातून आला तो? तुम्ही शाळेत असताना पाहिलात तो? की नानांनी शेवटची दहा वर्षं चालवली, तेव्हाचा? तुम्ही धरून चालला आहात की हे तिन्ही एकच आहेत. पस्तीस वर्षांच्या, बागेत राबलेल्या जीपच्या बाबतीत असं क्वचितच असतं.

आणि घरातल्या तिघांना तीन रंग आठवतात, त्यात कुणी खोटं बोलतंय असंही समजू नका. राखाडी, निळा आणि हिरवा यांच्या शिवेवरचे काही रंग फार फसवे असतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते एक दिसतात, शेडच्या सावलीत दुसरे आणि ट्यूबलाइटखाली तिसरे. त्यात तुमची जीप द्राक्षाच्या गावची. बोर्डो मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, वर्षानुवर्षं जीपच्या आसपास फवारलं गेलं असणार. त्याचा निळसर थर पत्र्यावर बसतो, तो तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हाला आठवणारं आकाशी त्यातलंही असू शकतं! चिडू नका, शक्यता सांगतोय.

घरातला जुना फोटो पुरावा म्हणून काढाल, तर त्यावरही फार विसंबू नका. अल्बममधल्या जुन्या रंगीत प्रिंटमध्ये बऱ्याचदा निळ्या अंगाचा रंग आधी विरतो आणि सगळा फोटो तांबूस होतो. फोटोत जीपशेजारी एखादा पांढरा सदरा असेल, तर आधी तो किती पांढरा राहिलाय ते बघा, मग जीपकडे बघा.

पत्र्याला मात्र विचारता येतं. पद्धत अगदी साधी आहे, पेंटरच्या दुकानातही करता येईल, पण मी म्हणेन तुम्ही आणि भाऊ दोघं मिळून करा. जीपवर अशी एक जागा निवडा जी नंतर रंगवायचीच आहे आणि जिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली नाही. बॉनेटची मागची कड किंवा उजव्या मडगार्डचा वरचा भाग चालेल. डावं मडगार्ड नको, त्याचा इतिहास वेगळा आहे. ४०० नंबरचा वॉटर पेपर बोटाएवढा घडी घालून पाण्यात भिजवा आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत गोल गोल घासायला लागा. मधोमध जास्त दाब, कडेला कमी. पाच-सात मिनिटांत मधे पत्रा चमकायला लागतो आणि त्याच्याभोवती कडी उमटतात, झाडाच्या खोडासारखी. पत्र्याला लागून प्रायमरचं कडं, मग सरफेसर (पत्रा सपाट दिसावा म्हणून प्रायमरवर मारतात तो थर) असला तर त्याचं, मग कारखान्यातला रंग, मग पुढच्या प्रत्येक वेळी मारलेला रंग, आणि सगळ्यात बाहेर आज दिसतो तो. आता १००० नंबरच्या पेपरने कडा गुळगुळीत करा म्हणजे प्रत्येक थर रुंद दिसेल.

इथे एक चूक सगळे करतात. घासलेला रंग मंद आणि फिकट दिसतो, आणि लोक त्यालाच खरा रंग समजून बसतात. तसं करू नका. त्या जागेवर पाण्याचा हात फिरवा, किंवा थोडं मेण चोळा. ओलं असताना जे दिसतं ते खऱ्या छटेच्या बरंच जवळ असतं. मोबाइलवर फोटो काढायचाच तर भर दुपारी नको, उघड्यावर पण सावलीत काढा आणि शेजारी एक पांढरा कागद ठेवा.

मग ते झाकण काढा.

गाडीला पुन्हा रंग मारताना पेंटर सहसा कप्प्याच्या आत फवाऱ्याची गन घालत नाही. बाहेरून टेप लावतो, वर्तमानपत्र चिकटवतो आणि पुढे जातो. ऊन तिथे पोचत नाही, फवारणी पोचत नाही. त्यामुळे झाकणाची आतली बाजू हा तुमच्या जीपचा जवळजवळ न विटलेला नमुना आहे. आणि तुमच्या नानांनी त्यावर एक उपकार करून ठेवलाय: तारखा लिहिल्यात! सगळ्यात जुनी तारीख कोणती ते बघा. त्या दिवसानंतर झाकणाला आतून रंग लागलेला नाही, एवढं नक्की, नाहीतर अक्षरं झाकली गेली असती. समजा पहिली नोंद १९९२ ची निघाली, तर हा रंग कारखान्याचाच असण्याची शक्यता मोठी. २००३ ची निघाली, तर मधल्या काळात काहीही झालेलं असू शकतं. मग झाकण त्या घासलेल्या कड्यांजवळ धरा आणि ते कुठल्या कड्याशी जुळतं ते उन्हात बघा. तुमच्या घरातल्या वादाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

अर्धं म्हणतोय, कारण समजा दोन थर निघाले: खाली हिरवट, वर निळसर राखाडी. मग आई बरोबर, भाऊ बरोबर आणि तुम्हीही बरोबर. पण 'नानांचा रंग' कोणता? खालचा कंपनीने निवडलेला होता, वरचा नानांनी स्वतः. आणि त्यांनी तरी तो मन लावून निवडला होता, की पत्रा गंजू नये म्हणून त्या दिवशी दुकानात मिळाला तो डबा आणला होता, हे आईला विचारा. अशा गोष्टी आयांना आठवतात. कोणत्या दुकानातून आणला, किती उसने घेतले, सगळं.

रंग ठरल्यावर तो जुळवण्याचं काम. तुमचा दुसरा पेंटर कॉम्प्युटरचं जे म्हणाला ते पूर्ण खोटं नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचं हातात धरायचं यंत्र असतं. ते पत्र्यावर उजेड टाकतं, परत येणारा उजेड मोजतं आणि कुठला टिंटर, म्हणजे मिसळायचा मूळ रंग, किती ग्रॅम घालायचा याचं सूत्र काढून देतं. उत्तम साधन आहे. पण त्याला तुम्ही जे दाखवाल तेच ते वाचतं. खडूसारखी भुकटी धरलेलं बॉनेट दाखवलंत, तर ते इमानेइतबारे त्या भुकटीचा रंग जुळवून देईल. म्हणून यंत्र लावायच्या आधी ती जागा रबिंग कंपाऊंडने चकचकीत केलेली हवी. तुमच्या बाबतीत झाकणाची आतली कोरी जागा दाखवा, जिथे अक्षरं नाहीत अशी, आणि कंपाऊंड तिथे लावू देऊ नका. सपाट, नाण्याहून थोडी मोठी जागा पुरते.

सूत्र निघालं की काम संपलं असं नाही, तिथून सुरू होतं. चांगला पेंटर त्या रंगाचा नमुना आधी पत्र्याच्या तुकड्यावर गनने मारतो, वाळू देतो आणि मग डोळ्याने दुरुस्त करतो. बोटाने लावलेला ठिपका किंवा डब्यात ढवळताना दिसणारा रंग यावर निर्णय घेऊ नका. तुम्ही नाशिकच्या आहात, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे चौकातल्या रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारून आलेला पोरगा पाहिलाच असेल. तिवंधा चौकातला पिवळा असो की शनी चौकातला गुलाबी, ओल्या सदऱ्यावर जो दिसतो तो दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळल्यावर दिसत नाही. गाडीचा रंगही तसाच, फक्त बहुतेक वेळा उलटा, म्हणजे वाळल्यावर थोडा गडद होतो. वरून क्लिअर कोट, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, मारायचा असेल, तर नमुन्यावरही तो मारलेला हवा. त्याशिवाय खालचा रंगाचा थर, बेस कोट, मंद दिसतो आणि छटा कळतच नाही.

आणि नमुना दुकानात पास करू नका. हे मी अनुभवाने सांगतो. १९९४ मध्ये माझ्या स्कूटरचं उजवं पॅनल एका रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये रंगवून घेतलं. संध्याकाळी सातला ट्यूबलाइटखाली पाहिलं, इतकं हुबेहूब की मी पेंटरला वरून दहा रुपये दिले. रविवारी बायकोला घेऊन सोमेश्वरला गेलो, स्कूटर उन्हात उभी केली आणि नारळ घेऊन परत येतो तर पॅनल सरळसरळ हिरवट! बायको म्हणाली, "दुसऱ्याची स्कूटर आहे का ही?" दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले, की एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. मी पेंट शॉपमधला माणूस, मला हे शिकवलेलं होतं, तरी फसलो. तेव्हा नमुन्याचा तुकडा घरी न्या. सकाळी दहाच्या उन्हात बघा, दुपारी सावलीत बघा, रात्री दिव्याखाली बघा. समोरून बघा, तिरकं बघा. शेजारी लाल साडी वाळत असेल तर दूर व्हा, तिची झाक पडते. आईच्या हातात द्या आणि काही न विचारता थोडा वेळ थांबा.

एवढं सगळं सांगितल्यावर आता मूळ मुद्द्यावर येतो. ताई, तुम्हाला इतक्या काटेकोर मॅचिंगची गरजच नाही. मॅचिंगची खरी परीक्षा असते ती शेजारी-शेजारी. नव्या कारचा एकच दरवाजा रंगवला आणि बाकीची गाडी तशीच ठेवली, तर डोळा ती फट लगेच पकडतो. तुमची जीप तर पूर्णच रंगवायची आहे. सगळा पत्रा एकाच डब्यातल्या रंगाचा झाला, की तुलनेला शेजारी उरतं काय? आठवण. आणि आठवण किती काटेकोर असते ते तुमच्या घरात तीन तोंडांनी सिद्ध झालंय. म्हणजे पहिल्या पेंटरचे तीन नमुने न पटण्यात कदाचित त्याचा दोष नव्हता. त्यांतला एखादा पूर्ण जीपवर छान दिसलाही असता. हातभर तुकडा बघताना आपण त्याला मनातल्या रंगाशी ताडून बघतो, आणि त्या स्पर्धेत कुठलाच डबा जिंकत नाही.

ज्यांना एखादाच भाग रंगवायचाय, अशा वाचकांसाठी इथे थोडं थांबतो, कारण अशी पत्रं जास्त येतात. तुमची गाडी अलीकडची असेल तर बॉनेटखाली किंवा दरवाजाच्या खांबावर पाटी असते, त्यावर रंगाचा कोड बघा. (जीपच्या जुन्या पाटीवर चासी नंबर नक्की सापडतो, रंगाचा कोड सापडेलच असं नाही.) पण कोड मिळाला म्हणून निर्धास्त होऊ नका. एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या काळात थोडा थोडा सरकतो, शिवाय तुमची गाडी उन्हात उभी राहिलेली असते. छत आणि बॉनेट सगळ्यात जास्त विटतात, उभे पत्रे कमी, आणि लाल रंग इतरांपेक्षा लवकर मान टाकतो. रंग मेटॅलिक असेल तर प्रकरण अजून नाजूक. त्यातल्या धातूच्या बारीक पापड्या कशा आडव्या बसतात त्यावर छटा ठरते, आणि ते गनच्या दाबावर, अंतरावर, थिनरवर अवलंबून असतं. तोच डबा, तोच कोड, दोन पेंटर, दोन रंग. म्हणून मेटॅलिक गाडीचा फक्त पुढचा दरवाजा हुबेहूब करून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा: शेजारच्या पत्र्यावर रंग विरवत नेणार ना? नेणार असेल तर तो जाणकार. नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा.

तुमच्या जीपचा रंग साधा, सॉलिड असणार, हे तुमचं नशीब. डबा बनवताना मात्र सगळा रंग एकदम बनवून घ्या. दोन-तीन डबे झाले तर ते एका मोठ्या भांड्यात एकत्र ढवळून पुन्हा भरायचे, म्हणजे अर्ध्या जीपनंतर छटा बदलत नाही. हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) मिसळायच्या आधीच त्यातला अर्धा लिटर रंग बाजूला ठेवून घ्या, पुढच्या ओरखड्यांसाठी. हार्डनर पडलेला रंग काही तासांत दगड होतो. आणि सूत्र बिलावर ग्रॅममध्ये लिहून मागा. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ५ हे रंगांचं मानक आहे, त्यात प्रत्येक छटेला नंबर असतो. पोस्टाच्या पेटीचा लाल ५३८, कारखान्यांच्या पॅनलचा फिकट राखाडी ६३१. तुमची छटा अशा एखाद्या नंबराच्या जवळ असली तर तोही लिहून ठेवा. पेंटर बदलला, दुकान बंद झालं, तरी नंबर राहतो.

कोणता रंग याहून कसला रंग, हे मला खरं तर जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट, ज्याला जुने लोक ड्युको म्हणतात, साधा सिंथेटिक इनॅमल, आणि हार्डनर घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन), हे तीन वेगळे प्राणी आहेत. जुन्या इनॅमलवर कडक थिनरचा एनसी मारला तर खालचा थर सुरकुततो आणि पापुद्रे सुटतात. जीपवर आधी काय आहे हे बघायला पांढरा कापूस थिनरमध्ये बुडवून एखाद्या लपलेल्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून कापसाला लागला तर एनसी. फुगला, सुरकुतला तर इनॅमल असण्याचा संभव. काहीच झालं नाही तर पीयू किंवा भट्टीतला पक्का रंग. तुमच्याकडे थर जास्त निघाले तर मी म्हणेन, पत्र्यापर्यंत उतरवा. कारखान्यातला पूर्ण रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो. त्यावर थरावर थर चढत गेले की एक दिवस ओढ्याच्या वाळलेल्या गाळासारख्या भेगा पडतात. आणि पायदानाजवळ फुगलंय तिथे रंगाचा प्रश्नच नाही, आत गंज आहे. तो पत्रा कापून नवा लावू द्या. त्यावर नुसती लांबी भरून देणारा पेंटर स्वस्त पडतो, एका पावसापुरता.

घासताना पाणी वापरायला सांगा. जुन्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगांत शिसं असायचं, त्याची कोरडी धूळ नाकात जायला नको. पीयूचा फवारा तर त्याहून वाईट, दमा जडतो, त्याला रुमाल पुरत नाही. भाचा गन धरायला उत्सुक असेल तर त्याला मास्किंगचं, म्हणजे टेप आणि कागद चिकटवायचं, काम द्या.

भाच्याचं मिलिटरी ग्रीन निकालात काढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ म्हणतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांनाच. खासगी जीपला तो मारता येत नाही. रस्त्यावर चार दिसतात म्हणून पाचवी चालते असं नाही. पोराला सांगताना आत्याचा नकार म्हणून सांगू नका, नियम दाखवा, आणि सीटचं कापड किंवा हूडची ताडपत्री त्याला निवडू द्या.

कागदाचंही आत्ताच उरका. आरसीवर रंगाचा रकाना असतो. तिथे जो शब्द आहे त्याच्या बाहेरचा रंग मारायचा असेल, भावाचा पांढरासुद्धा, तर आधी पेठ रोडला आरटीओत जाऊन नोंद बदलण्याचं विचारा, मग डबा उघडा. आरसीत काय लिहिलंय ते वाचा, पण त्यावरून छटा ठरवू नका. तिथे नुसतं 'ग्रे' किंवा 'ब्लू' एवढंच असतं. १९९१ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्या तपासणीला गाडी आणि कागद जुळायला हवेत. आणि त्याआधीचं काम: गाडीचा मालक वारला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची असते. तुमची मुदत केव्हाच गेलीय. आणखी उशीर करू नका.

आता हा फॉर्म भरताना एक रकाना येईल, कुणाच्या नावावर? मला वाटतं, रंगावरून जे चाललंय त्यात हा रकाना कुठेतरी आहे. पत्रात तुम्ही 'माझी जीप' असं दोनदा लिहिलंय आणि 'आमची' एकदाही नाही. भाऊ 'पांढरा मार' म्हणाला ते तुम्हाला तुटक वाटलं. पण जीप त्याच्या शेडमध्ये उभी आहे, आणि बहुधा दोन वर्षं सेल मारून ती जिवंतही त्यानेच ठेवली असणार. पांढरा काही वाईट रंग नाही, बरं का. उन्हात कमी तापतो, दुरुस्तीला सोपा, बोर्डोचे डागही खपून जातात. फक्त खाली कुठे लाल थर असेल तर तो पांढऱ्यातून वर डोकावतो. भावाला समजवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. समजवू नका, विचारा, आणि रंग विचारू नका. "ही जीप पुढे काय करणार?" एवढंच विचारा. तो म्हणाला क्रेट वाहणार, तर साधा इनॅमल पुरे, ओरखडे येणारच. म्हणाला सणासुदीला वणीला जायला, तर पीयूचा खर्च करा आणि निम्मा निम्मा वाटून घ्या. ते गोल घासायचं काम त्याच्याबरोबर करा असं मी वर म्हणालो, ते उगाच नाही. पत्र्यातून कडी उमटताना दोघांनी वाकून बघितलं, तर राखाडी की आकाशी हा वाद तिथे आपोआप बदलतो.

वेळेचं बघा. पावसाळ्यात नको. दमट हवेत एनसी पेंट दुधासारखा पांढरा पडतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो, तेव्हा पीयू उघड्यावर नीट पकडत नाही. छाटणी आणि काढणीच्या दिवसांत जीप मोकळी नसेल आणि भाऊही नसेल. माल निघाला की लगेच, मार्चमध्ये द्या. सकाळी ऊन चढायच्या आत गन मारून घ्यायची, थिनर सावकाश उडणारं वापरायला सांगायचं, आणि धुळीसाठी आदल्या दिवशी जमिनीवर पाणी मारायचं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जीप दारात येईल.

नव्या रंगाला महिनाभर मेण-पॉलिश नको आणि फवारणीच्या जवळ उभी करू नका. पूजा करालच, तर हार आरशाला अडकवा, बॉनेटवर ठेवू नका. आणि आईला आधीच सांगून ठेवा, कुंकवाचं स्वस्तिक काचेवर काढायचं. ताज्या रंगात कुंकू उतरलं की निघत नाही.